सव्वा मूठ गहू

मी माझ्या नातीला सरळ विचारलं होतं, "जीव द्यायचा विचार करतेस का?" तेवढं मी बरोबर केलं. त्याच्या आधीच्या तेरा वर्षांत बरंच चुकीचं केलं. ते आधी सांगते, नाहीतर हा प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर का आली ते कळायचं नाही.

ही नात माझ्या मुलीची मुलगी. मुलगी धुळ्याला दिली होती. जावई दारू प्यायचा आणि मारायचा. मुलगी काविळीने गेली तेव्हा नात तीन वर्षांची होती. त्याआधी तिने घरात काय काय पाहिलं होतं, ते तिलाच माहीत. आई गेल्यावर बापाने तिला आपल्या बहिणीकडे ठेवलं, बहिणीने एका चुलत जावेकडे. ती जाऊ शेतात जाताना पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कडी घालायची. हे मला त्या जावेच्या शेजारच्या एका बाईने अमळनेरच्या बाजारात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी आणि माझा मुलगा जाऊन तिला घेऊन आलो. बापाने अडवलं नाही. पाच वर्षांची पोर, आणि सामान म्हणजे एक कापडी पिशवी, त्यात दोन फ्रॉक.

आमचं गाव अमळनेरपासून जवळ आहे. शेती आहे, कापूस आणि गहू होतो, खायला कमी नाही. पोर आली आणि मला वाटलं, आता सुटली. मी तिला खाऊ घातलं, शाळेत घातलं, तिच्या उवा काढल्या. आणखी काय लागतं लहान पोराला, असा माझा हिशेब होता.

पहिल्या महिन्यात तिच्या उशीखाली भाकरीचे तुकडे सापडले. बुरशी आलेले, मुंग्या लागलेले. मी तिला दोन रट्टे दिले. "घरात भाकरी कमी आहे का? चोरून काय ठेवतेस?" ती रडली नाही. पुन्हा तुकडे सापडले नाहीत, म्हणून मला वाटलं, सवय मोडली. बरीच वर्षं ती तुकडे शाळेच्या दप्तरात ठेवायची, एवढंच. मला ते नंतर कळलं.

ती कधी काही मागायची नाही. आजारी पडली तर तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहायची, अंग चटकायला लागेपर्यंत कुणाला कळायचं नाही. माझ्या मुलाची मुलं हट्ट करायची, भांडायची, ताट सरकवून द्यायची. ही नाही. सगळं गाव म्हणायचं, किती गुणी पोर आहे. मीही म्हणायचे. आता कुणी एखाद्या लहान पोराबद्दल असं म्हणालं, की मी आधी विचारते, ते पोर हट्ट करतं का? हट्ट करत असेल तर ठीक आहे. त्याला माहीत असतं, की आपलं ऐकणारं कुणीतरी आहे.

आता कानबाईचं सांगते. आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते. सुरतेला, मुंबईला गेलेले भाऊबंद गावी येतात. देवीला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात. त्या रोटांचे गहू असेच डब्यातून काढायचे नसतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. म्हातारा असो की पाळण्यातला, पुरुष असला की त्याची सव्वा मूठ. आमच्याकडे चौदा जणांची होत होती. आणि ते रोट आपल्या कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं कूळ बदललं. तिच्या पोरांचं तर कूळच वेगळं.

नात आमच्या घरी राहायची, पण कुळाने बाहेरची. म्हणून रोटांच्या दिवशी मी तिला खीर-पोळीचं ताट देऊन शेजारच्या अक्काकडे पाठवायचे. पंगत उठली की बोलवायचे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. माझ्या सासूने केलं असतं तेच मी केलं.

ती सात वर्षांची असताना अक्का हसत हसत आमच्या ओट्यावर आली. म्हणाली, "तुमनी नात आज ताटसोबत पिशवीबी लई उनी. दोन फ्रॉक भरेल. माले इचारस, मी आते तुमनाच घर ऱ्हासू का?"

पोर फ्रॉक भरलेली पिशवी घेऊन तिच्याकडे राहायलाच गेली होती, हे ऐकून पंगतीतले सगळे हसले. मीही हसले. पोर अक्काच्या मागे पिशवी धरून उभी होती. तीही हसली थोडी. आम्ही हसतोय म्हणून.

मग ती मोठी झाली. बारावी झाली, चांगले गुण पडले. जळगावला कॉलेजात घातलं, होस्टेलवर ठेवलं. तिथे गेल्यावर ती शहरी मराठी बोलायला लागली, माझ्याशीसुद्धा. सुट्टीला यायची तेव्हा बॅग रिकामी करायची नाही. कपाटात तिच्यासाठी एक खण ठेवला होता, पण कपडे बॅगेतूनच काढायची, घडी करून बॅगेतच ठेवायची. मला वाटायचं, आळशीपणा.

गेल्या वर्षी श्रावणात ती गुरुवारी दुपारच्या एसटीने आली. मी मधल्या खोलीत सूप घेऊन रोटांचे गहू निवडत बसले होते. ती आली, पाणी प्यायली आणि बॅग उघडून सगळं बाहेर काढलं. तिचा नवा ड्रेस मामेबहिणीला दिला. मामेभावाला गणिताचं यंत्र दिलं, तिच्या अभ्यासाचं. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि एक रुमाल माझ्या मांडीवर ठेवला. त्यात तिच्या आईची चांदीची साखळी होती. ती साखळी तिने कधी गळ्यातून काढली नव्हती.

"ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्याकडून हरवेल."

"इतकी वर्सं हारपनी नही, आते कशी हारपी?"

ती सुपाकडे वळली. गव्हातले खडे वेचू लागली. वेचता वेचता म्हणाली, "मोठी माय, मी लहानपणी तुला फार त्रास दिला ना?"

माझा सुपावरचा हात थांबला. या पोरीने मला कधी त्रास दिलाच नव्हता. बॅग रिकामी. साखळी माझ्या मांडीवर. आणि तोंडावर मोठं काम उरकल्यासारखं समाधान. मी चार यत्ता शिकलेली बाई आहे, पण माणसं निरोप कसा घेतात ते मी पाहिलेलं आहे.

मी विचारलं, "तू जीव देवाना इचार करी ऱ्हायनी का?"

स्वयंपाकघरातून माझी सून धावत बाहेर आली. "आत्या! सनना तोंडवर हाई काय आभद्र बोली ऱ्हायनात!"

"तू गप बस," मी म्हणाले. "मी तिले इचारी ऱ्हायनू."

पुष्कळांना वाटतं, असं तोंडावर विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं येईल. मलाही क्षणभर तसं वाटलं. पण डोक्यात नसेल तर ती चिडेल, आजी वेडी झाली म्हणेल. आणि असेल तर निदान एकटी उरणार नाही.

ती चिडली नाही. गव्हात बोटं फिरवत म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"ठरवलंस?"

"सण झाल्यावर. तुझी पाहुण्यांची गडबड असते. सण बिघडायला नको."

सून भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मी रडले नाही. मी रडले असते तर पोरीला माझीच समजूत घालावी लागली असती, आणि दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही या एकाच कामात ती आधीच तरबेज होती. मी तिचा हात सुपातून काढून माझ्या हातात घेतला. म्हणाले, सण गेला खड्ड्यात. उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जायचं. तोवर तू माझ्या नजरेसमोर राहायचं. आणि तू मला हे सांगितलंस, ते चांगलं केलंस.

मुलाला शेतातून बोलावून घेतलं. गोठ्याच्या खोलीतली फवारणीची सगळी औषधं त्याला गावातल्या मित्राकडे कुलपात ठेवायला लावली. त्याने विचारलं, "इतकं लागी का?" मी म्हटलं, लागेल. माणसाच्या मनात आलेली वाईट वेळ टळू शकते, पण ती टळेपर्यंत हाताशी काही असता कामा नये. त्या औषधांना आजही आमच्या घरात जागा नाही.

सकाळी बसस्टँडवर आलो तेव्हा मी म्हटलं, धुळे जवळ पडेल. ती म्हणाली, "धुळ्याला नको." धुळ्याला तिचा बाप आहे. मी जळगावची बस धरली. वाटेत ती खिडकीतून बाहेर बघत होती. कॉलेजातला एक विषय राहिला होता, ते तिने बसमध्ये सांगितलं. खोलीतल्या मैत्रिणीशी बोलणं बंद झालं होतं, तेही. पुढे नातेवाइकांना कळलं तेव्हा सगळ्यांनी तो एक विषय धरून ठेवला. "एका विषयासाठी असं करतात का आजकालची पोरं!" एका विषयासाठी कुणी करत नाही. पण कारण एकच असलं की लोकांना सोयीचं जातं.

जळगावातली मनाच्या आजारांची डॉक्टर तरुण होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिने आधी नातीशी एकटीशी बोलून घेतलं, खूप वेळ. मग मला आत बोलावलं आणि लहानपणाचं विचारलं. मी म्हटलं, "तेव्हा फार लहान होती हो. तिला काय आठवतंय त्यातलं?"

डॉक्टर म्हणाली, "आजी, आठवत नसलं तरी शिकलेलं राहतं. रडलं तर कुणी येतं की नाही, हे घर आपलं आहे की नाही, हे मूल शाळेत जायच्या आधीच शिकून बसतं. पुढे मोठेपणी धक्का बसला, की तेच शिकलेलं वर येतं. सगळ्याच मुलांचं असं होत नाही. ज्यांचं होतं त्यांनाही नवीन शिकता येतं. पण आधी जुनं काय शिकलंय ते कळायला हवं."

मी म्हटलं, "पाच वर्षांनंतर तर माझ्याकडेच होती. मी काही कमी केलं नाही."

डॉक्टरने नातीकडे पाहिलं. नात खाली बघत होती. म्हणाली, "कमी नाही केलं. मोठी मायने खूप केलं." मग म्हणाली, "आमच्याकडे कानबाईला गहू मोजतात. मी दरवर्षी बाजूला बसून मोजते. आधी तेरा जण होते, मग मामाला मुलगा झाला तेव्हा चौदा. तो पंधरा दिवसांचा होता, तरी त्याची सव्वा मूठ घेतली. माझी कधीच नाही. मला लहानपणी वाटायचं, ज्यांचे गहू नाहीत त्यांना परत पाठवतात. म्हणून मी पिशवी भरून ठेवायचे. मग कळलं की परत कुठे पाठवणार, तसं ठिकाणच नाही. म्हणजे मी जास्तीचीच आहे, सगळीकडे."

हे तिने आवाज न चढवता सांगितलं. तक्रार केल्यासारखं नाही, माहिती दिल्यासारखं.

मी त्या खोलीत काय बोलले ते सांगते. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले. माझ्या वयाच्या बाया असं म्हणत नाहीत. आमच्या वेळी असंच होतं, म्हणतात. होतं ना. पण आमच्या वेळी किती पोरी गुपचूप गेल्या आणि पाय घसरला म्हणून सांगितलं गेलं, तेही मला माहीत आहे.

डॉक्टरने तिला काही दिवस ठेवून घेतलं. मी तिच्याजवळ राहिले. त्या रविवारी गावी कानबाई बसली आणि मी नव्हते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पहिल्यांदा. सुनेने सगळं केलं, थोडं चुकलं, थोडं जमलं. देवीने आमचं काही वाकडं केलं नाही.

नंतरचं वर्ष सोपं नव्हतं. गोळ्या होत्या, त्या वेळेवर घ्यायच्या होत्या. दर पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे बोलायला जायचं होतं. डॉक्टरने तिच्याकडून एक कागद लिहून घेतला. मन बुडायला लागलं तर आधी काय करायचं, मग कुणाला फोन करायचा, कुणीच सापडलं नाही तर मदतीचा कोणता नंबर लावायचा, असं ओळीने. त्या कागदाची एक प्रत आमच्या स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या शेजारी चिकटवली आहे. येणारेजाणारे पाहुणे तो वाचतात. वाचू देत.

ती पुन्हा होस्टेलवर राहायला गेली होती. थंडीत एकदा सकाळीच तिचा फोन आला. "मोठी माय, पुन्हा तसंच वाटतंय."

मी विचारलं, "कोण आहे तिथे?"

"मैत्रीण आहे. तिला सांगितलंय."

"तिला फोन दे." त्या पोरीला मी सांगितलं, मी येईपर्यंत हिला सोडून कुठे जायचं नाही. मग पहिल्या बसने निघाले. होस्टेलच्या दारात पोचले तेव्हा दोघी पायरीवर बसून भरीत-पुरी खात होत्या. मला बघून नात म्हणाली, "इतकी काय धावत आलीस?" मी म्हटलं, "तू बोलावलंस म्हणून." तिने पुरीचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला. जन्मात पहिल्यांदा तिने मला बोलावलं होतं. तिथून डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाली, हे असं अधूनमधून होईल, पण आता ती सांगते आहे. मी मनाशी म्हटलं, सांगते आहे तोवर मला भीती नाही. थोडी आहे, पण ती माझ्याजवळ ठेवते.

मग यंदाचा श्रावण आला. सुरतेहून माझे धाकटे दीर आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. रोटांचे गहू मोजताना ते नेहमी समोर पाट टाकून बसतात आणि एकेकाचं नाव घेतात. त्यांनी नाव घ्यायचं, मी सव्वा मूठ परातीत टाकायची. चौदा झाल्या. आबा उठायला लागले. मी आणखी एक मूठ भरली.

"वहिनी, ही मूठ कोनी शे?"

"मनी नातनी."

आबा पुन्हा बसले. "ती दुसरा कुळनी शे. आनि पोर शे, पोऱ्या नही."

"माले म्हाईत शे."

"कानबाई रागे भरनी ते?"

मी म्हटलं, "कानबाईले काय सांगनं ते मी सांगसू. या पोरले काय सांगनं ते तुम्ही सांगा."

नात दारातच उभी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी काय झालं होतं ते त्यांनाही माहीत होतं. ते वाईट माणूस नाहीत, फक्त जे चालत आलं ते चालवतात, माझ्यासारखेच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, आणि सगळ्याच बायांच्या मुठी घ्या, असा टोमणा मारला. "मंग तुमनीबी ल्या ना मूठ! बठ्ठा बायास्नी ल्या!"

"लेसू," मी म्हणाले. "बरं सुचाडं."

आतून सुनेचा आवाज आला. "आत्या, मंग मनी पोरनीबी ल्या!"

"इतला वरीस तोंड नव्हतं का तुले?"

"तुमना समोर कोन बोली?"

आबा हसले. हसले तेव्हाच मला कळलं, आता हे अडवणार नाहीत. मी डबा पुढे ओढला. नातीची मूठ तशीच माझ्या हातात होती. ती परातीत टाकली आणि सुनेच्या मुलीची भरायला हात पुन्हा डब्यात घातला.

नात दारातून आत आली आणि परातीजवळ उकिडवी बसली. गव्हाकडे बघत म्हणाली, "मोठी माय, थांब."

जळगावला गेल्यापासून ती माझ्याशी शहरी बोलायची. पण हे आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "सव्वा मूठ ऱ्हास ना? मना पाव ऱ्हाई गया."

आबांनी कपाळाला हात लावला. "ल्या! आते हट्टबी कराले लागनी."

मी चिमटीने थोडे गहू घेऊन टाकले. तिने मान हलवली. आणखी थोडे टाकले. तिने परातीत वाकून बघितलं, दोन दाणे बाजूला पडले होते ते बोटाने ढिगात सारले, आणि म्हणाली, "हां. आते बराबर."